अग्निशमन दलाच्या बजेटाला खरेच कात्री लागली का, हे कसे तपासावे

‘यंदा फायर ब्रिगेडचे पैसे कापले हो!’ जानेवारी-फेब्रुवारीत बडोद्यातल्या कुठल्याही ओटल्यावर हे वाक्य ऐकू येते. बोलणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक आकडा वाचलेला असतो, तेवढ्यावर तो तापलेला असतो. मी एकच विचारते, ‘कुठला रकाना पाहिलात?’ बारा वर्षांत या प्रश्नाला धड उत्तर दोघांनीच दिले, आणि त्यांतला एक माझ्याच बँकेतून निवृत्त झालेला होता.

ज्यांना या विषयावर भांडायचे आहे पण भर बैठकीत तोंडघशी पडायचे नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी एकदा पडले आहे. ती हकिगत पुढे येईलच.

आधी पोलिसांना बाजूला काढा

पोलिस आणि अग्निशमन एका दमात बोलायची सवय आपल्याला अमेरिकेच्या बातम्यांनी लावली. मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि पोलिसांचे पैसे कमी करून दुसरीकडे वळवा, ही मागणी तिथल्या शहराशहरांत उठली. ऑस्टिनने त्याच वर्षी मोठी कपात केली, पुढच्या वर्षी पैसे परतही दिले. मिनियापोलिसच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलिस खाते मोडून नवे खाते उभारायचा प्रस्ताव फेटाळला. त्याच्याही आधी, २००८ साली, कॅलिफोर्नियातले व्हालेहो शहर दिवाळखोरीत गेले, तेव्हा त्याच्या सर्वसाधारण निधीतला फार मोठा वाटा पोलिस आणि अग्निशमनच्या पगारांत जात होता. तिथे हा वाद नगर परिषदेत होतो, कारण दोघांचे पगार तिच्याच तिजोरीतून निघतात.

आपल्याकडे तसे नाही. पोलिस हा घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीचा विषय. शहर पोलिसांचा पैसा गांधीनगरहून गृह खात्यामार्फत येतो आणि त्याला मंजुरी विधानसभा देते, खंडेराव मार्केटात बसणारी आपली महापालिकेची सभा नाही. अग्निशमन मात्र ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत आहे, म्हणजे शहराच्या पदरातले काम. तेव्हा वॉर्डाच्या बैठकीत कुणी ‘पोलिसांचे पैसे रस्त्यांना द्या’ म्हणून उभा राहिला, तर त्याला प्रेमाने खाली बसवा. पंधरा मिनिटे त्याच्यात गेली की तुमचा नंबर चहाच्या वेळी लागतो.

प्रत मिळवा

आयुक्तांचे मसुदा बजेट स्थायी समितीपुढे आले की सेवा सदनच्या, म्हणजे महापालिकेच्या, वेबसाइटवर पाहा, नाहीतर वॉर्डाच्या चार नगरसेवकांपैकी जो फोन उचलेल त्याच्याकडून मागून घ्या.

पाने शोधा

बजेट गुजरातीत असते. लिपी आपल्याला लहानपणापासून येते, घोटाळा शब्दांचा होतो. भांडवली खर्चाला, म्हणजे गाड्या-इमारतींसारख्या मोठ्या खरेदीला, गुजरातीत ‘मूडी खर्च’ म्हणतात. अग्निशमनच्या पगाराच्या पानावर ‘सैनिक’ दिसले तर ते लष्कराचे किंवा सिक्युरिटीचे समजू नका, ते आपले फायरमन. आणि सर्वांत फसवा शब्द ‘सुधारेल’. मराठी डोळ्यांना वाटते, आकडा आज ना उद्या सुधारेल. गुजरातीत त्याचा अर्थ ‘सुधारलेला’, म्हणजे सुधारित अंदाज, आणि बरेचदा सुधारून तो खालीच आलेला असतो. माझ्या मामींनी एकदा पूर्ण पान याच आशेवर वाचले होते.

रकाने वाचा (इथेच सगळे घसरतात)

एका ओळीसमोर साधारण चार आकडे असतात: मागल्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि येत्या वर्षाचा अंदाज. आता समजा एका ओळीत ते असे आहेत: १९, ४०, २२, ३०, सगळे कोटींत. सत्तेतला माणूस २२ वरून ३० कडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ३६ टक्के वाढ. विरोधातला ४० वरून ३० दाखवतो आणि म्हणतो, २५ टक्के कपात. दोघेही खरे बोलत आहेत. दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रांत दोन मथळे येतात आणि ओटल्यावर दोन तट पडतात.

माझे ठाम मत असे की या दोघांपैकी कुणाच्याही मागे जाऊ नका. पहिल्या रकान्यावर बोट ठेवा आणि मग तिसऱ्यावर. १९ खर्च झाले, ४० जाहीर झाले, आणि आता २२ वर सोडून दिले. कपात फेब्रुवारीत होत नाही, ती वर्षभर गुपचूप होते: निविदा निघत नाही, भरती पुढे ढकलली जाते, गाडी वर्कशॉपात उभी राहते. मोठा अंदाज जाहीर करायला पैसे लागत नाहीत. तेव्हा ‘तीस का दिले’ हे विचारण्यात अर्थ नाही. ‘चाळीसमधल्या अठरांचे काय झाले’ हे विचारा, आणि त्यावर अडून राहा.

आता माझी फजिती. पहिल्याच वर्षी मी अग्निशमनच्या एकूण बेरजा घेऊन बैठकीत उभी राहिले. बेरीज मागल्या वर्षापेक्षा जवळजवळ अर्ध्यावर आली होती. मी आवाज चढवून सांगितले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला बरे वाटले. मग मागच्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून एक वयस्क अधिकारी उठले, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि माझ्याच हातातल्या झेरॉक्सवर नख टेकवून म्हणाले, ‘बहेन, ए तो गया वरसनी सीडीवाळी गाडी.’ उंच इमारतींसाठी शिडीची मोठी गाडी घेतली होती. ती एकदाच घ्यायची असते, दरवर्षी नाही. मी महसुली आणि भांडवली खर्च एकत्र करून बसले होते. तीस वर्षे बँकेत लेजर पाहून! टाळ्या वाजवणाऱ्यांनी नंतर माझ्याकडे न बघता शेव-उसळ खाल्ली.

म्हणून नियम: महसुली वेगळे, भांडवली वेगळे, दोघांची बेरीज कधीही तोंडातून काढायची नाही. महसुली म्हणजे पगार, डिझेल, फोम, गणवेश, दुरुस्ती. दल रोज उभे राहते ते याच्यावर. भांडवली म्हणजे गाड्या, नवी स्टेशने, होड्या. भांडवली आकडा वर्षागणिक उड्या मारतो, आणि ते स्वाभाविक आहे. त्याची पाच वर्षांची सरासरी काढा. महसुली आकडा मात्र महागाईच्या मागे पडला, तर ती कपातच, मग कागदावर वाढ दिसो.

अजून एक खाच. अग्निशमनचा सगळा खर्च अग्निशमनच्या पानावर नसतो. डिझेल आणि गाड्यांची दुरुस्ती वाहन विभागात असू शकते, स्टेशनची इमारत बांधकामात, आणि अनुदानातून आलेली यंत्रे अनुदानाच्या पानावर. राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढवायला आणि आधुनिक करायला केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली. असा पैसा आला की एक वर्ष फुगते आणि पुढचे वर्ष आपोआप ‘कपातीचे’ दिसते. पुढच्या वर्षी छाती पिटण्याआधी मागे वळून अनुदानाचे पान पाहा. हे तिन्ही विभाग पेन्सिलीने एका कागदावर उतरवा. कंटाळवाणे काम आहे, पण याला जवळची वाट नाही, आणि ज्याने हे केले नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही.

माणसे मोजा

पैशापेक्षा माणसे मोजणे सोपे आणि जास्त बोलके. माहिती अधिकाराचा अर्ज करा. गुजरातेत फी २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज मराठीत चालत नाही. कायद्याने इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, म्हणून शेजारच्या पटेलकाकींकडून गुजराती तपासून घ्या. विचारायचे इतकेच: मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कंत्राटी किती, प्रत्येक स्टेशनवर एका पाळीत किती माणसे असतात, आणि किती गाड्या आज रस्त्यावर निघू शकतात. पगाराची तरतूद मंजूर जागांची दाखवली असेल तर आकडा जाडजूड दिसतो आणि रिकाम्या जागांचा पगार वर्षाअखेर शिल्लक पडतो. ४० आणि २२ मधले अंतर बरेचदा तिथेच दडलेले असते.

माणसे कमी असली की नुसत्या आगी विझवायला उशीर होतो असे नाही. ज्यांनी सायरन ऐकून धावायचे, त्यांनीच इमारतींची तपासणीही करायची. सुरतेत २४ मे २०१९ ला कोचिंग क्लासला आग लागून २२ विद्यार्थी गेले, राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ ला २७ जण. दोन्ही वेळी सगळे फायर एनओसीवर, म्हणजे इमारतीला अग्निशमनच्या ना-हरकत दाखल्यावर, बोलू लागले. एनओसी तपासायला पाय लागतात. आणि २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचे पाणी सोसायट्यांत शिरले, तेव्हा गच्चीवर अडकलेल्यांकडे होड्या घेऊन निघालेल्यांत हेच सैनिक होते.

स्टेशनांसाठी एक सोपा ठोकताळा: केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा निकष शहरी भागात १० चौरस किलोमीटरला एक स्टेशन असा आहे. भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा ही गावे २०२० मध्ये शहरात आली. नकाशा पसरा, परकार घ्या, आणि तुमच्या घरापासून सर्वांत जवळचे स्टेशन किती दूर आहे ते बघा.

बोला, पण वेळेवर

स्थायी समितीत चर्चा चालू असतानाच कागद पोचवा. सामान्य सभेच्या दिवशी गॅलरीत बसून काही होत नाही, तोवर सगळे ठरलेले असते. एक पान, गुजरातीत, एकच प्रश्न, आणि खाली तुमचा रकान्यांचा तक्ता. ‘उद्या आग लागली तर जबाबदार कोण?’ हे वाक्य लिहू नका, ते नगरसेवकाला पाठ असते आणि तो मान हलवून पान उलटतो.

लिहायचे ते हे: १९४९ च्या महानगरपालिका कायद्यात, जो मुंबई प्रांताच्या काळापासून आपल्याकडे चालत आला, अग्निशमन दल ठेवणे हे बंधनकारक कर्तव्य आहे. रंगमंदिरे, तरणतलाव ही ऐच्छिक कामे. दोन्हींचे सुधारित आकडे एकाखाली एक मांडा. ऐच्छिकाचा पैसा पूर्ण खर्च झाला आणि बंधनकारकाचा पडून राहिला, तर त्याचे कारण लेखी मागा. मी हे नाटकाची तिकिटे काढणारी बाई म्हणून लिहिते आहे, मला रंगमंदिरे नको आहेत असे नाही.

मग ऑक्टोबरात पुन्हा २० रुपये भरा आणि एप्रिल ते सप्टेंबरचा प्रत्यक्ष खर्च मागवा. उत्तर आले की बजेटाच्या त्या पानाच्या झेरॉक्सला ते टाचा. माझी फाइल पुस्तकांच्या कपाटात, पंचांगाच्या शेजारी असते.