रहस्यमालिका लिहिताय? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं हल्ली मोबाईलवर रहस्यमालिका काढतात आणि संहिता माझ्याकडे वाचायला पाठवतात. कॅमेरा दरवर्षी सुधारतो, चूक तीच राहते. शेवट जमला नाही की म्हणायचं, 'प्रेक्षकांवर सोडलंय.'

खानापूर तालुक्यातल्या एका गावात गणपतीत देवळासमोर पडदा लावून अशीच एक मालिका दाखवली. पहिल्याच भागात विहिरीत लाल दोरा बांधलेली किल्ली सापडते. कॅमेरा तिच्यावर इतका रेंगाळतो की अख्खं गाव पुढे सरकून बसलं. पुढे खुनी सापडला, कबुली झाली, किल्लीचं नाव नाही. दिवे लागल्यावर एका आजीनं विचारलं, "ती किल्ली कुणाची रे?"

"ते तुम्ही ठरवायचं, आजी."

"आम्ही ठरवायचं, मग तू काय केलास?"

हशा पिकला. मागाहून कळलं, कुलपाचा प्रसंग ज्या घरात घ्यायचा होता, ते लोक कुलूप लावून गोव्याला गेले होते. प्रसंग गेला, किल्ली राहिली. संकलनात काढून टाकायची होती. पण "शॉट भारी होता ना सर!"

हटकलं की पोरं 'ट्विन पीक्स' या अमेरिकी रहस्यमालिकेचा दाखला देतात. तिच्या दोन निर्मात्यांपैकी डेव्हिड लिंचला, लॉरा पामर या मुलीचा खुनी इतक्यात सांगायचा नव्हता, हे खरं. वाहिनीच्या दबावामुळे दुसऱ्या पर्वात तो सांगावा लागला आणि १९९१ मध्ये मालिका बंद पडली. पण खुनी कोण हे लिंच आणि त्याचा जोडीदार मार्क फ्रॉस्ट यांना पक्कं ठाऊक होतं. ती भूमिका करणाऱ्या नटालाही त्यांनी बराच काळ पत्ता लागू दिला नव्हता. तुम्हाला ठाऊकच नसेल तर लपवणार काय?

म्हणून मी उत्तर आधी लिहायला लावतो. वहीच्या डाव्या पानावर मालिकेनं उभा केलेला प्रत्येक प्रश्न, उजव्या पानावर त्याचं उत्तर आणि ते कुठल्या भागात येतं. उजवं पान कोरं राहिलं की डावीकडचा प्रसंग कापायचा. कंटाळवाणं आहे. ज्यांना शनिवारी सुचलेलं रविवारी चित्रित करायचं असतं, ते ही वही कधीच करत नाहीत, आणि त्यांचीच संहिता पाचव्या भागात अडते.

जाहिरातीत विचारलेला प्रश्न त्याच पर्वात मिटवा. अमेरिकी 'द किलिंग'नं २०११ मध्ये 'रोझी लार्सनला कुणी मारलं?' म्हणून गाजावाजा केला आणि पहिलं पर्व उत्तराविना संपवलं. लोक खवळले. उत्तर मिळालं २०१२ मध्ये, दुसऱ्या पर्वाच्या शेवटी.

शेवटच्या भागात उगवणारा जुळा भाऊ नको. सगळं स्वप्न होतं, हे तर नकोच. 'दुसऱ्या पर्वात बघू' म्हणणाऱ्यांनी आधी पहिल्या पर्वाची उधारी फेडावी.

खरी संदिग्धता मला आवडते, पण तिला दुप्पट मेहनत लागते. बाई विहिरीत पडली की तिला ढकललं? दोन्ही बाजूंना तोलामोलाचे पुरावे पेरा. मग संहिता दोघांना वेगवेगळी वाचायला द्या. ते संहितेतल्या प्रसंगांचे दाखले देत एकमेकांशी भांडले तर शेवट तसाच राहू द्या. दोघंही तुमच्याकडे वळून "म्हणजे नेमकं काय झालं?" असं विचारायला लागले, तर चित्रीकरणाची तारीख पुढे ढकला.