एनबीए ड्राफ्टची यादी करताय? या चुका टाळा, आधी दात बघा

खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घ्यायला गेलेला माणूस शिंगं बघतो, खांदा बघतो, पण त्याआधी तोंड उघडून दात बघतो. दातांवरून वय कळतं. आदत (दुधाचे दात) आहे, दुसा (दोन पक्के दात) आहे की चौसा (चार), हे कळल्याशिवाय पैशाची बोलणीच नाहीत. एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, आणि तिचे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो ड्राफ्ट. सांगलीत आमच्या बास्केटबॉलच्या मैदानावर दर जूनमध्ये, कोण कितव्या क्रमांकावर निवडावा याच्या याद्या करणारी पोरं नेमकं हेच, वय बघायचं, विसरतात.

त्यांच्या यादीत जास्त गुण काढणारा वर. बावीसाव्या वर्षी सामन्याला 20 गुण काढणारा आणि एकोणिसाव्या वर्षी 15 काढणारा, यांतला मी दुसरा आधी घेईन. पहिला स्वतःपेक्षा लहान पोरांना रेटतोय, दुसऱ्याचं अंग अजून भरायचंय. आज एनबीएतलं मोठं नाव असलेला यानिस अँटेटोकुंपो 2013 मध्ये 18 वर्षांचा होता, ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळायचा. मिलवॉकीच्या संघाला तो पंधराव्या क्रमांकावर मिळाला. त्या वर्षी सगळ्यात आधी निवडलेला अँथनी बेनेट चार हंगामांत लीगबाहेर गेला.

समोर कोण होतं, हेही वयाइतकंच बघायचं. लुका डॉन्चिच एकोणिसाव्या वर्षी रेआल माद्रिदकडून युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकून, तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरून आला होता. म्हणजे मुरलेल्या व्यावसायिकांविरुद्ध. तरी 2018 मध्ये त्याच्याआधी दोघांची नावं पुकारली गेली! मला हे आजही पटत नाही.

उंचीवर भाळू नका. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग 7 फूट 2 इंच. 2015 मध्ये तो बावन्नावा निवडला गेला, ऊर भरून आला होता आमचा. पण एनबीएत एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, फारशी उडी नसलेला निकोला योकिच एक्केचाळिसावा गेला आणि पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. पास कुठे द्यायचा हे त्याला इतरांच्या आधी दिसतं, आणि ते कुठल्याच मोजपट्टीत मावत नाही. जिममधल्या आकड्यांचंही तेच. 2007 च्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत, पुढे एमव्हीपी झालेल्या केव्हिन ड्युरंटला 185 पौंडांचा बार एकदाही उचलता आला नव्हता.

लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यांच्या टक्केवारीने तर भलेभले फसतात. हंगामात 100 प्रयत्न, त्यांतले पाच जास्त पडले की 33 टक्के वाटणारा 38 चा होतो. शिवाय आपल्या मैदानावर तीन गुणांची रेषा 6.75 मीटरवर, अमेरिकेतल्या कॉलेजातही तेवढीच. एनबीएत समोरून 7.24 मीटर. म्हणून फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके, बघा. तिथं अंगावर कोणी नसतं, हाताची खरी सवय तिथंच उघडी पडते. तीनला 38 टक्के पण फ्री थ्रोला 60 असेल, तर मी त्या 38 वर विश्वास ठेवत नाही.

आणि दोन मिनिटांच्या क्लिपा बंद करा. त्यांत चुकलेला फटका नसतोच. तीन अख्खे सामने बघा, त्यांतला एक हरलेला. चेंडू हातात नसताना पोरगं काय करतं, चेंडू गमावल्यावर परत धावतं की हात वर करून पंचाकडे बघत राहतं, ते वहीत लिहा.