रागी मुद्दे: नाचणीचं कॅल्शियम वाया न घालवता

कर्नाटकातल्या मंड्या, हासन, तुमकूर, कोलार या जुन्या म्हैसूर भागातलं रागी मुद्दे म्हणजे नाचणीचं पीठ पाण्यात शिजवून वळलेला गोळा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गहू-तांदळाच्या कितीतरी पट. एका मध्यम गोळ्याला ६० ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या आसपास, प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा.

यातला मोठा वाटा दाण्याच्या सालाकडे असतो, चोथाही तिथलाच. म्हणून पीठ बारीक दळा, पण वस्त्रगाळ करू नका. मोडाच्या नाचणीचं पीठ पौष्टिक खरं, पण इथे उपयोगाचं नाही. मोड येताना तयार झालेली विकरं स्टार्च तोडतात, त्यामुळे गोळा बांधला न जाता चिकट लगदा होतो. ते माल्टसाठी ठेवा.

दोन गोळ्यांसाठी १२० ग्रॅम पीठ आणि पिठाच्या मापाने दुप्पट पाणी घ्या. त्यातल्या थोड्या गार पाण्यात चमचाभर पीठ कालवून बाजूला ठेवा. उरलेलं पाणी जाड बुडाच्या भांड्यात मिठासह तापवा आणि कालवलेलं पीठ त्यात ढवळत ओता. खळखळून आधण आलं की बाकीचं पीठ मधोमध ढिगासारखं टाका. आता ढवळायचं नाही! सगळ्या गुठळ्या याच घाईने होतात. ढिगात लाकडी काठीने एक भोक पाडा म्हणजे उकळतं पाणी आतवर जाईल, आणि मंद आचेवर ४-५ मिनिटं शिजू द्या. मग भांडं घट्ट धरून काठीने कडेला दाबत दाबत घोटा. गव्हाची कणीक बांधून ठेवणारं ग्लूटेन हे प्रथिन नाचणीत नाही. गोळा धरून ठेवतो तो फक्त शिजलेला स्टार्च, म्हणून इथे जोर आणि उष्णता दोन्ही लागतात. झाकण ठेवून २-३ मिनिटं वाफ काढा.

ओलं बोट लावल्यावर पीठ चिकटलं नाही, तर झालं. चिकटलं तर आणखी वाफ द्या, कोरडं पीठ वरून घालू नका. ते कच्चंच राहतं. गरम असतानाच ओल्या ताटात काढून पाण्याच्या हाताने वळा. गार झाल्यावर स्टार्च घट्ट होतो आणि गोळ्याला भेगा पडतात.

नुसता गोळा खाऊन जेवण पुरं होत नाही. नाचणीत प्रथिनं जेमतेम ७ टक्के, त्यात लायसिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल कमी. ती उणीव डाळ भरून काढते, म्हणून सोबत बस्सारू: डाळ आणि पालेभाजी उकडून निथळलेल्या पाण्याचं, वाटलेला मसाला घातलेलं सार. नाचणीतल्या फायटेट आणि टॅनिन या घटकांमुळे लोह कमी शोषलं जातं; वरून लिंबू पिळलं तर मदत होते. तिकडे घास सारात बुडवून न चावता गिळतात. सवय नसेल तर घास लहान घ्या.

मधुमेहींनी मात्र 'नाचणी आहे, कितीही चालते' असं समजू नये. बारीक दळून पूर्ण शिजवलेला हाही स्टार्चच आहे. एक लहान गोळा आणि भाजी-डाळ भरपूर, हे प्रमाण बरं.