नियम लिहिला, पण लागेना

मेल सर्व्हरचं काम नुकतंच हाती आलेल्यांसाठी लिहितोय. स्पॅमअसॅसिन हा मेलला गुण देऊन स्पॅम ओळखणारा प्रोग्राम. त्यात मी लिहिलेला पहिला नियम अगदी साधा होता: विषयात ‘कर्ज’ आलं की ५ गुण. नियमांची लोकल डॉट सीएफ फाइल सेव्ह केली, स्पॅमडी (स्पॅमअसॅसिनची मागे चालणारी सेवा) रीस्टार्ट केलं. तरी कर्जाच्या जाहिराती इनबॉक्समध्ये येतच राहिल्या.

आमच्या सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन चालायचं अमाविस या मेल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आतून. म्हणजे रीस्टार्ट करायला हवं होतं अमाविस. नियमाला हात लावण्याआधी तो वाचतंय कोण, ते शोधा. मग लिंट, म्हणजे नियमांची फाइल तपासणारी आज्ञा, चालवा. त्यात लिहिण्यातल्या चुका कळतात. नियम मेलला जुळतो का, हे कळत नाही. त्यासाठी खरा मेल लागतो, तोही हेडरसकट मूळ फाइल म्हणून. फॉरवर्ड केलेला चालत नाही, त्याचे हेडर बदललेले असतात. ही फाइल डीबग मोडमधून सोडली की कोणकोणते नियम लागले ते दिसतं.

माझा तरीही दिसेना. अख्खी दुपार त्यात गेली. नियमात शब्दाच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी होतं, म्हणजे शब्दाची हद्द. रोमन लिपीतल्या ‘लोन’ला ते बरोबर लागायचं. पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं, आणि नियम बाइट बघतो. ते बाइट त्याच्या लेखी अक्षरं नाहीतच, त्यामुळे मोकळी जागा आणि ‘क’ यांच्यामध्ये त्याला हद्द सापडत नाही. ‘यांपैकी कोणतंही एक’ असं सांगायला चौकटी कंसात देवनागरी अक्षरं घातली तरी हाच घोळ होतो. तिथे उभ्या रेघेनं पर्याय लिहा.

हद्द काढली, नियम लागला. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याचा ‘कर्जत साइटची बिलं’ हा मेल स्पॅममध्ये! मेल स्पॅम ठरवायची स्पॅमअसॅसिनची मूळ मर्यादा ५ गुणांची, आमच्या सर्व्हरवरही तीच ठेवलेली होती, त्यामुळे माझा एकटा नियम पुरेसा ठरला होता. बिलं दोन दिवस अडकली, याचं मला फार वाईट वाटलं.

आता ‘कर्ज’पुढे ‘त’ नको अशी अट आहे. नावाआधी दोन अंडरस्कोर दिले की नियमाला स्वतःचे गुण मिळत नाहीत. ‘कर्ज’ आणि ‘त्वरित मंजुरी’ असे दोन नियम तसे लिहून मेटा नियमात, म्हणजे इतर नियमांवर आधारलेल्या नियमात, जोडलेत. दोन्ही जुळले तरच गुण, तेही २.