गौडा चीज खाताना या चुका टाळा

नेदरलँड्समध्ये चीजच्या दुकानात नुसतं 'गौडा द्या' म्हटलं, तर दुकानदार विचारतो, किती जुनं? (तिथला उच्चार 'खाउदा'च्या जवळ जातो.) गौडा या गावाच्या बाजारात विकलं जायचं, म्हणून हे नाव पडलं. चार आठवड्यांचं कोवळं चीज 'योंग', चारेक महिन्यांचं 'बेलेखन', दहा-बारा महिन्यांचं 'आउट'. वय न पाहता विकत घेणं ही पहिली चूक, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच होतात.

कोवळं चीज मऊ, दुधाळ असतं. डच घरांत ते किसणीसारख्या चपट्या सुरीने पातळ कापून पावावर घालतात, वितळतंही छान. जुन्यावर तीच सुरी चालवली की भुगा होतो. त्याचे जाड, ओबडधोबड तुकडे पाडा. त्यात दाताखाली कुरकुरणारे पांढरे कण लागतात. ती बुरशी नाही आणि मीठही नाही. चीज मुरताना प्रथिनं फुटून सुटलेल्या टायरोसिन या अमिनो आम्लाचे ते स्फटिक आहेत. ते खरवडून फेकणारे लोक पाहिले की जीव तुटतो, कारण चीज नीट मुरल्याचीच ती खूण आहे! बाहेरचं मेण किंवा प्लास्टिकचं आवरण मात्र काढायलाच हवं.

फ्रिजमधून थेट ताटात वाढू नका. गार चीजला चवच लागत नाही, तासभर आधी बाहेर काढा.

सोबत काय द्यायचं? कोवळ्या चीजबरोबर तिखट, झणझणीत काही नको, त्याची चव पार बुडते. डच लोक संध्याकाळी बिअरसोबत त्याचे चौकोनी तुकडे मोहरीच्या चटणीत बुडवून खातात; ही चटणीही बेताचीच घ्यायची. जुन्याला कॅरामेलसारखी गोडसर चव असते. त्याला राय या धान्याचा पाव, नाशपाती आणि सफरचंदाचा आटवलेला काळा पाक शोभतो. जिऱ्याची आवड असेल तर लायडनचं जिरं घातलेलं चीज शोधा, मराठी जिभेला ते लगेच ओळखीचं वाटेल.

शाकाहारी असाल तर वेष्टन वाचल्याशिवाय घेऊ नका. पारंपरिक गौडासाठी दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट हे विकर वापरतात. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं चीजही मिळतं.

उरलेलं चीज प्लास्टिकमध्ये घट्ट आवळलं की घाम सुटतो आणि वास धरतो. मेणकागदात गुंडाळून डब्यात ठेवा. फ्रीझरमध्ये टाकलंच असेल, तर ते आता फक्त शिजवण्यापुरतं.