गल्लीतली जुनी देशी झाडं कशी सांभाळायची

जून आला की सगळ्यांना रोपं लावायचा उत्साह येतो, फोटो होतात, आणि दिवाळीनंतर तिथे नुसते पिंजरे उरतात. गेटपाशी कधीपासून उभा असलेला करंज मात्र कुणाला दिसत नाही. म्हणून आधी उभी आहेत ती सांभाळा.

एका रविवारी टेप आणि वही घेऊन गल्लीत फिरा. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजा, फोटो काढा, नोंद करा. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री आणि गिरिपुष्प अमेरिकेकडचे, त्यांना तोडा असं म्हणत नाहीये पण वेळ कमी असेल तर वड, उंबर, पांगारा, बहावा, ताम्हण यांच्याकडे आधी बघा (ताम्हण आपलं राज्यफूल, तरी दहातल्या आठ जणांना ओळखता येत नाही).

मग बुंधा बघा. आमच्या सोसायटीत कॉन्ट्रॅक्टरने पेव्हर ब्लॉक थेट करंजाच्या खोडाला भिडवले होते, दोन वर्षांत शेंडा वाळायला लागला. पहारीने ब्लॉक उचकटले तर खाली माती विटेसारखी घट्ट, कुबट वास, आणि बारीक मुळं ब्लॉकच्या फटीफटीतून चपटी होऊन गेलेली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या केसमध्ये झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलंय, मीटिंगमध्ये तेच दाखवायचं, निम्मा वाद तिथेच मिटतो. मोकळ्या जागेत माती हलक्या हाताने सैल करा, खोल खणू नका, मुळं तुटतात. वर पाचोळा पसरा, जाळू नका, आणि तो खोडाला टेकवूही नका, साल कुजते.

खिळे, स्टेपल, लायटिंगची वायर काढा. वायर सालीत रुतली असेल तर ओढू नका, जिथे मोकळी आहे तिथे पकडीने कापा.

आता मेन गोष्ट, नोटीस. महानगरपालिका-नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा झाडांचा कायदा लागू आहे, झाड तोडायला परवानगी लागते आणि अर्ज आला की झाडावर नोटीस चिकटवतात. ती पावसाने गळून पडते, कुणीतरी फाडते, त्यामुळे दिसली की लगेच फोटो काढा. हरकत मुदतीत आणि लेखी द्या, पोच घ्या, 'पर्यावरण वाचवा' असं मोघम न लिहिता झाडाचं नाव, घेर, घरटी, आणि बांधकाम थोडं सरकवून झाड वाचतं का ते लिहा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरतात, म्हणून आजी-आजोबांचे जुने अल्बम काढा, लग्नाच्या फोटोत मागे वड दिसला तर तो पुरावाच की! गावाकडे नियम वेगळे आहेत, तिथे तहसील किंवा वनखात्यात विचारा.

पावसाळ्याआधी तारांसाठी फांद्या छाटायला येतात तेव्हा तिथे उभे राहा. एकाच बाजूने सोलून काढलं की झाड कलतं आणि पहिल्याच वादळात पडतं.

दसऱ्याला तर पोरांना आधीच सांगून ठेवा, आपटा समजून कांचन ओरबाडतात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त, कांचनाचं मोठं. आणि खरा आपटा सापडला तरी फांदी नाही, चार पानं घ्या.