धारावीत भिंत रंगवण्याआधी

कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली मुलं हल्ली हमखास विचारतात, "ताई, वस्तीत लोकांसोबत भित्तिचित्रांचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" आणि लगेच पोर्टफोलिओ उघडून दाखवतात. पोर्टफोलिओ बहुतेकदा उत्तम असतो, पण या कामात चित्र सगळ्यात शेवटी येतं. त्याआधीचे दोन-तीन महिने नुसतं हिंडणं, चहा पिणं आणि ऐकणं. त्याचा कंटाळा येणार असेल तर स्टुडिओत बसलेलं बरं, असं मी तोंडावर सांगते.

मी हे काम धारावीत शिकले, म्हणून तिथलंच सांगते.

कार्यशाळेची सुरुवात आम्ही नकाशाने करायचो. मोठा कागद पसरायचा आणि लोकांना आपली गल्ली, नळ, मंदिर, मशीद, शाळा काढायला सांगायचं. आता हे जपून करावं लागतं. पुनर्विकासाच्या सर्वेक्षणात 2024 पासून घराघरांवर क्रमांक पडू लागले. त्यामुळे हातात मोजायची टेप आणि कागद दिसला की पहिला प्रश्न येतो, "सर्व्हेवाले का?" घर पुनर्वसनाला पात्र की अपात्र, ही टांगती तलवार असताना तुमचा रंगीत नकाशा कुणाला गंमत वाटणार? तेव्हा टेप घरी ठेवा. अंतरं पावलांत मोजा, घरांचे क्रमांक लिहू नका, आणि कागद शेवटी वस्तीतल्याच कुणाकडे राहील हे आधी सांगून टाका.

इतिहास विचारायचा तर "तुमचा इतिहास सांगा" असं कधीही म्हणू नका. लोक एकदम भाषण देतात. कोळीवाड्यात विचारा, "खाडीत पूर्वी काय मिळायचं?" मग बघा. निवट्या, चिंबोऱ्या, बोय, कोळंबी, एकेक नाव येतं. कोणती कुठे मिळायची यावरून दोन आज्यांची जुंपते. भराव आणि सांडपाण्याने माहीमच्या खाडीचं काय केलं, ते त्या भांडणातून आपोआप कळतं. धारावी मुळात या कोळ्यांचं गाव, हे तिथल्याच कित्येक मुलांना माहीत नसतं.

तसंच मिठीचं. विहार आणि पवईच्या तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन निघालेली ही नदी जेमतेम 18 किलोमीटरची, धारावीच्या कडेने खाडीला मिळते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा भिंतीवर लिहून कुणाला काही वाटत नाही. आम्ही लोकांना खडू दिला आणि म्हटलं, पाणी कुठवर होतं ते दाखवा. एकाच गल्लीत रेघा वेगवेगळ्या आल्या. एक जण म्हणाला कमरेपर्यंत, आणि गुडघ्यापाशी रेघ मारली. सगळे हसले. मग त्याने सांगितलं, तेव्हा मी दुसरीत होतो. पुढे चित्रात आम्ही एक पूररेषा काढलीच नाही. ज्याची त्याची रेघ, ज्याच्या त्याच्या तेव्हाच्या उंचीवर ठेवली.

पर्यावरण हा विषय देणगीदारांना फार आवडतो, आणि वस्तीत तो सगळ्यात अवघड जातो. कुंभारवाड्याचं उदाहरण घ्या. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वसाहत. भट्ट्या चिंध्या आणि सुताच्या कचऱ्यावर पेटतात, धूर दाट असतो. मुलांना 'आपल्या परिसरातला त्रास' काढायला सांगितलं की निम्म्या कागदांवर काळा धूर उमटतो. तो कुंभारांच्या घरासमोर टांगायचा का? यावर आमच्या गटात चांगलीच वादावादी झाली. माझं मत असं की टांगायचा, पण आधी कुंभारांना दाखवून, आणि भट्टीची बाजू त्यांच्याच हाताने त्यात आणून. धूर खरा आहे, पोटही खरं आहे. एकच बाजू रंगवून मोकळं होणारे कलाकार मला पटत नाहीत. आणि हो, दिवाळीच्या तोंडावर कुंभारवाड्यात कार्यशाळा ठेवू नका. पणत्यांच्या हंगामात तुमच्याकडे बघायलाही कुणाला वेळ नसतो.

हिरवाई दाखवायची असेल तर मुलांना शेजारच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात न्या. पूर्वी तिथे शहराचा कचरा पडत असे. 1994 मध्ये उद्यान खुलं झालं. पायाखाली कचरा आहे हे सांगितल्यावर झाडं काढणाऱ्या मुलांच्या चित्रांत मुळांखाली बाटल्या आणि चपला येऊ लागतात.

भाषेचं म्हणाल तर मराठी-हिंदीवर भागतं, पण कातडी कमावण्याच्या धंद्यात आलेल्या तमिळ कुटुंबांतल्या म्हाताऱ्या मनातलं तमिळमध्येच बोलतात. दुभाषा म्हणून वस्तीतलीच कॉलेजची मुलगी घ्या आणि तिला मानधन द्या. 'सहभाग' या नावाखाली लोकांना फुकट राबवायची खोड या क्षेत्राला आहे. अंदाजपत्रकात रंगाच्या आधी मानधनाचा रकाना भरा. लोकांसोबत मोठं काम कसं उभं राहतं ते पाहायचं तर 2015 च्या धारावी बिएनाले या कलामहोत्सवाची छायाचित्रं शोधा; स्नेहा संस्थेने रहिवासी आणि कलाकारांना एकत्र घेऊन आरोग्याच्या प्रश्नांवर ते केलं होतं.

आता कागदपत्रं. भिंत खासगी असेल तर मालकाची लेखी संमती, सार्वजनिक असेल तर महापालिकेच्या जी-उत्तर विभागात (धारावी त्यातच येते) अर्ज. मालमत्ता विद्रूपणाचा 1995 चा कायदा आहे, 'चांगलं चित्र काढतोय' ही सबब तिथे चालत नाही. गल्लीतल्या मंडळाला अर्जाआधी भेटा, नंतर नव्हे.

रंगकाम दसऱ्यानंतर. पावसाळ्यात भिंतीला ओल असते, प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, धरत नाही आणि पुढच्या जूनपर्यंत पापुद्रे सुटतात. बाहेरच्या भिंतीचा इमल्शन वापरा, आणि उरलेले डबे मंडळाच्या खोलीत ठेवा, झाकणावर शेडचा क्रमांक लिहून. चित्रातले चेहरे पुसट झाले की लोक स्वतःच हात फिरवतात. फक्त ब्रश चांगले ठेवून या, पहिल्यांदा तेच गायब होतात.